सहारातली मूठभर बिरादरी

देगलूरच्या बाजारात उभे राहिले की मराठी, दखनी, तेलुगू आणि कन्नड अशा चारही बोली कानावर येतात. तेलंगणा आणि कर्नाटक दोन्ही जवळ, जिल्ह्याचे ठिकाण नांदेड मात्र ऐंशी किलोमीटर लांब. अशा गावात बसून या महिन्यात आम्ही वाचकांना सहारा वाळवंटात घेऊन निघालो आहोत. तेही तिथल्या मशिदी-मदरसे पाहायला नव्हे, तर एका छोट्याशा कॅथलिक धर्मप्रांताची ओळख करून घ्यायला. मुस्लिम घरात वाचल्या जाणाऱ्या मासिकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण जिथे आपलेच दीनी भाऊ शंभरात नव्व्याण्णव आहेत, तिथे मूठभर परधर्मीय कसे राहतात, आणि आपले लोक त्यांना कसे वागवतात, हे आपण फारसे विचारत नाही.

आधी घराजवळचे सांगतो. कॅथलिक लोकांच्या हिशेबात देगलूर औरंगाबादच्या बिशपांच्या कक्षेत येते. १९७७ साली अमरावतीच्या धर्मप्रांतातून मराठवाडा वेगळा काढून औरंगाबादचा धर्मप्रांत झाला. बिशपांना औरंगाबादहून देगलूरला यायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे, आणि वाटेत त्यांची माणसे जागोजागी थोडी थोडीच. मराठवाड्यातली कॅथलिक वस्ती खरी रुजली ती वैजापूरकडच्या घोगरगावाच्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे फ्रान्सच्या सव्हॉय भागातून आलेले फादर जाकिए राहिले आणि त्यांनी तिथल्या दलित वस्त्यांत काम केले. मुलूख निजामाचा, राजा मुसलमान, प्रजा बहुतेक हिंदू, आणि मध्ये एक फ्रेंच पाद्री. पुढच्या गोष्टीसाठी एवढेच ध्यानात ठेवायचे की या फ्रेंच माणसाच्या मागे फ्रान्सची फौज नव्हती. सहारात मात्र होती.

आता नकाशा उघडा. अल्जेरिया हा आफ्रिकेतला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा देश, जवळजवळ २४ लाख चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेच्या समुद्रकाठच्या पट्ट्यात कॅथलिकांचे तीन धर्मप्रांत आहेत : अल्जीयर्स, ओरान आणि कॉन्स्टन्टीन. उरलेले सगळे वाळवंट एकट्या चौथ्याच्या वाट्याला. त्याचे नाव लघुआत. वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेसहापट. एवढ्या मुलखातले सगळे कॅथलिक एकत्र बोलावले तर आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नाच्या मांडवात मावतील. त्यांतही मूळचे अल्जेरियन नावालाच. बाकी आफ्रिकेतल्या इतर देशांतून शिकायला आलेले विद्यार्थी, तेलाच्या विहिरींवर काम करणारे परदेशी कामगार, युरोपच्या वाटेवर अडकलेले स्थलांतरित, काही कैदी, आणि त्यांच्या सोबतीला थोडे धर्मगुरू व धर्मभगिनी. बस.

अल्जीयर्सहून दक्षिणेला निघाले की चारशे किलोमीटरवर लघुआत शहर लागते. धर्मप्रांताला नाव याचे, पण बिशप इथे राहत नाहीत. या शहराच्या नावाशी एक जुनी जखम चिकटलेली आहे. ४ डिसेंबर १८५२ रोजी फ्रेंच सेनापती पेलिसिए याच्या फौजेने लघुआत जिंकले आणि मग कत्तल केली. गावातली निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली. तिथले लोक त्या वर्षाला ओसाडीचे साल म्हणतात. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या वाचकांना असे एखादे साल म्हणजे काय ते कळेल. १९४८च्या सप्टेंबरनंतर सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेडही होता. घरातल्या थोरांनी तोंडातून शब्द काढला नाही तरी अशी साले पोरांना ठाऊक असतात.

तर सहारात चर्च आले ते फौजेच्या मागोमाग. हे झाकून पुढे जाता येणार नाही, आणि तिथले आजचे ख्रिस्ती लोकही ते झाकत नाहीत. १८६७-६८ साली अल्जेरियात मोठा दुष्काळ पडला, साथी आल्या, हजारो मुले पोरकी झाली. अल्जीयर्सचे आर्चबिशप लाव्हिजरी यांनी ती मुले गोळा केली, आश्रम काढले आणि १८६८ साली धर्मगुरूंचा एक नवा संघ उभा केला. पांढऱ्या पोशाखावरून लोक त्यांना ‘व्हाइट फादर्स’ म्हणू लागले. तो पोशाख म्हणजे तिथल्या मुसलमानांचाच गंदूरा आणि बुर्नूस, गळ्यात तसबीसारखी जपमाळ. लाव्हिजरींचा नियम असा होता, की ज्या लोकांत जायचे त्यांची भाषा बोलायची, त्यांचे जेवण जेवायचे, त्यांचे कपडे घालायचे. पुढच्याच वर्षी बहिणींचाही असा संघ निघाला. पोरक्या मुलांना जेवू घालून त्यांचा धर्म बदलण्याचा आरोप तेव्हाही झाला आणि तो निराधार नव्हता. भुकेल्या मुलाला मर्जी विचारणे कठीणच असते. पण भाषा शिकण्याचा आणि तिथल्यासारखे राहण्याचा जो नियम त्यांनी घालून दिला, त्याने पुढे शंभर वर्षांत पाद्र्यांनाच बदलून टाकले, असे आम्हाला वाटते.

लघुआतहून आणखी दोनशे किलोमीटर दक्षिणेला गर्दाया. बिशपांचे घर इथे. १९५५ साली हा धर्मप्रांत रीतसर झाला, योगायोग असा की आपल्याकडे अमरावतीचा धर्मप्रांतही त्याच वर्षी झाला. पण गर्दायात पाहण्यासारखे जे आहे ते मुसलमानांचे. मझाब नावाच्या खडकाळ खोऱ्यात टेकड्यांवर पाच गावे आहेत : अल अतूफ, बू नूरा, गर्दाया, मलीका आणि बनी इस्गेन. अल अतूफ सर्वांत जुने, १०१२च्या सुमाराचे. प्रत्येक गावाच्या माथ्यावर मशीद आणि तिचा वर निमुळता होत गेलेला मनोरा, त्याच्या भोवती उतारावर एकाला एक चिकटलेली घरे, सगळ्यांत खाली तटबंदी, आणि तटाबाहेर खजुराच्या बागा. युनेस्कोने १९८२ साली हे खोरे जागतिक वारशात घेतले. ल कोर्बुझिए, ज्यांनी आपले चंदीगड बांधले, ते ही घरे पाहायला आले होते आणि अल अतूफची सीदी ब्राहीम मशीद पाहून भारावले होते.

या गावांत घर बांधण्याची एक रीत आमच्या मनात फार भरली. शेजाऱ्याच्या अंगणातले ऊन अडेल इतकी उंच भिंत घालायची नाही. श्रीमंताचे घर आणि गरिबाचे घर बाहेरून ओळखू येऊ द्यायचे नाही. देगलूरच्या नव्या वस्तीत आपण एकमेकांच्या उजेडाचे काय करून ठेवले आहे ते गच्चीवर चढून पाहावे.

मझाबचे हे लोक इबादी आहेत. आपल्याकडे बहुतेक घरे हनफी, काही ठिकाणी शाफई. त्यामुळे इबादी हा शब्द अनेकांनी ऐकलाही नसेल. इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळात वेगळी झालेली ही शाखा. ओमानमध्ये ती मोठ्या संख्येने आहे, आणि उत्तर आफ्रिकेत मझाब, जर्बा अशा थोड्या ठिकाणी टिकली. आपल्या पंथाचे राज्य मोडल्यावर हे लोक मागे मागे सरकत या उजाड खोऱ्यात आले, कारण इथे दुसरे कुणी येणार नव्हते. म्हणजे गर्दायाचे ख्रिस्ती ज्या शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतात, ते शेजारीच मुळात अल्पसंख्य. बनी इस्गेनमध्ये परक्याने रात्री मुक्काम करायचा नाही अशी चाल आहे. बाहेरच्याला हे तुसडेपणाचे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांची संख्या कमी असते ते दाराला कडी लावूनच झोपतात.

आणि ती कडी कशाला लागते, तेही सांगायला हवे. २०१३ ते २०१५ या काळात गर्दाया पेटले. भांडण मझाबी इबादी आणि शांबा अरब यांच्यात. अरब मालिकी मसलकाचे. दुकाने जळली, कबरी फोडल्या गेल्या. जुलै २०१५मध्ये, रमजानचा महिना चालू असताना, जवळच्या गरारा गावात एका रात्रीत वीसहून अधिक माणसे मेली. दोन्हीकडे कलमा वाचणारे. त्याच शहरात चार-पाच पाद्री आणि काही धर्मभगिनी राहत होत्या. वाचकांनी यावर काय म्हणायचे ते आपल्या मनाशी म्हणावे.

गर्दायात या ख्रिस्ती मंडळींचे एक मोठे काम म्हणजे सहाराविषयीचे ग्रंथालय आणि अभ्यासकेंद्र. वाळवंटातल्या भाषा, घराणी, विहिरी, लोकगीते, जुने नकाशे यांवरची पुस्तके आणि कागद त्यांनी वर्षानुवर्षे गोळा करून ठेवले आहेत. तिथे येऊन बसणारी बहुतेक मुलेमुली मुसलमान, परीक्षेच्या तयारीची. आपल्या जिल्ह्यातही किती मुस्लिम घरांतली मुले मिशनच्या शाळेत शिकली आहेत, ते वेगळे सांगायला नको.

गर्दायाच्या पुढे पावणेतीनशे किलोमीटरवर अल मनीआ. जुने नाव अल गोलेआ. इथल्या एका जुन्या चर्चच्या आवारात शार्ल द फुको यांची कबर आहे. या एका माणसापाशी थोडे थांबावे लागेल.

जन्म १८५८, स्ट्रासबुर्ग. लहानपणी पोरका, मोठेपणी फ्रेंच फौजेत अधिकारी, वारशात मिळालेला पैसा उधळणारा. धर्मावरचा विश्वास उडालेला. १८८० साली फौजेबरोबर अल्जेरियात आला. पुढे नोकरी सोडून १८८३-८४ साली मोरोक्को हिंडला, ज्यू माणसाचा वेष घेऊन, सोबतीला एक ज्यू वाटाड्या. तेव्हा मोरोक्कोत ख्रिस्ती माणसाला मोकळेपणाने फिरता येत नव्हते. या प्रवासात त्याने दिवसातून पाच वेळा काम सोडून उभे राहणारे लोक पाहिले. अल्लाहसमोर असे सतत उभे असणारे लोक पाहून आपण आतून हललो, असे त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे. काही काळ इस्लामकडेही त्याचे मन ओढले गेले. शेवटी १८८६ साली तो आपल्याच धर्मात परतला. पण परतीची वाट मुसलमानांच्या नमाजेवरून गेली, हे कॅथलिक चरित्रकारही लिहितात.

१९०१ साली धर्मगुरू झाल्यावर फुको अल्जेरियाच्या पश्चिम वाळवंटात बनी अब्बास इथे येऊन राहिले. तिथे गुलामांचा व्यापार उघड चालू होता आणि फ्रेंच अधिकारी काणाडोळा करत होते. फुकोंनी त्याविरुद्ध पत्रे लिहिली, जमेल तसे पैसे जमवून काही गुलामांना सोडवले. १९०५ पासून ते आणखी दक्षिणेला, होग्गार डोंगरातल्या तमनरासेत इथे तुआरेग लोकांत राहू लागले. तमनरासेत तेव्हा झोपड्यांची वस्ती होती. आज ते मोठे शहर आहे, गर्दायाहून तेराशे किलोमीटरच्या पलीकडे.

१९०८च्या जानेवारीत तिथे भयंकर दुष्काळ होता. कित्येक महिने पाऊस नाही. फुकोंनी होते नव्हते ते धान्य वाटून टाकले होते, आणि स्वतः अंथरुणाला खिळले, हलताही येईना. तेव्हा तुआरेग बायामाणसांनी आसपासच्या सगळ्या आटलेल्या शेळ्यांचे घोटघोट दूध पिळून या परक्या पाद्र्याला पाजले आणि जगवले. तोवर ते देणारे होते आणि तुआरेग घेणारे. त्या दिवसापासून ते पाहुणे झाले आणि यजमान कोण, हे ठरले. यजमानाने शेवटचा घोट पाहुण्याला द्यावा, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. फुको ते मरणाच्या दारात शिकले.

पुढची वर्षे त्यांनी तुआरेगांची भाषा लिहून काढण्यात घालवली. शब्दकोश, हजारो ओळींच्या कविता, म्हणी, व्याकरण. त्यांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश त्यांच्यानंतर १९५१-५२ साली चार खंडांत छापला गेला आणि आजही त्या भाषेचा अभ्यासक त्यावाचून पुढे जात नाही. इतक्या वर्षांत त्यांनी ख्रिस्ती किती जणांना केले? जवळजवळ कुणालाच नाही.

पण फुको संत होते म्हणून त्यांच्या सगळ्याच गोष्टी गोड मानायच्या, असे आम्ही म्हणणार नाही. ते फ्रेंच साम्राज्याचे माणूस होते. फौजेतले जुने मित्र त्यांच्याकडे येत-जात, मुलखाची खबर त्यांच्याकडून घेत. तमनरासेतला त्यांचा शेवटचा निवारा म्हणजे छोटा किल्लाच होता, आणि त्यात फ्रेंच फौजेच्या बंदुका ठेवलेल्या होत्या. १९१६च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी म्हटले होते, की हे लोक फ्रेंच झाले नाहीत तर पन्नास वर्षांत फ्रान्सला इथून हाकलतील, आणि त्यांना फ्रेंच करण्याची वाट ख्रिस्ती धर्मातून जाते. पहिला भाग खरा ठरला, तोही पन्नासच्या आतच. त्याच वर्षी १ डिसेंबरला सनूसी चळवळीशी संबंधित टोळीने किल्ल्यावर छापा घातला. फुकोंना बाहेर ओढून बांधले, आणि गडबडीत पहारा देणाऱ्या पोरानेच गोळी घातली. त्या हल्ल्यात फ्रेंच फौजेतले दोन मुसलमान सांडणीस्वारही मारले गेले. तुआरेगांचे सरदार मूसा आग अमस्तान यांनी फुकोंच्या बहिणीला पत्र पाठवून दुःख कळवले. म्हणजे मारणारेही मुसलमान, रडणारेही मुसलमान.

१५ मे २०२२ रोजी रोममध्ये फुकोंना संतपद दिले गेले. त्याच सोहळ्यात आपल्या त्रावणकोरचे देवसहायम पिल्लै यांनाही. धर्म बदलला म्हणून छळ सोसून १७५२ साली गोळी घालून मारलेले हे गृहस्थ, कॅथलिकांचे पहिले भारतीय गृहस्थाश्रमी संत. एकाने कुणाचा धर्म बदलला नाही, दुसऱ्याने स्वतःचा बदलला, आणि दोघांची नावे एकाच दिवशी पुकारली गेली.

तमनरासेतपासून वर डोंगरात अस्सेक्रेम म्हणून जागा आहे, उंची सुमारे २७०० मीटर. १९११ साली फुकोंनी तिथे दगडांची खोली बांधली. सूर्योदय पाहायला आज तिथे प्रवासी चढतात. फुकोंच्या मागे त्यांच्या नावाने निघालेल्या संघाचे एक-दोन बंधू तिथे राहतात, प्रार्थना करतात आणि हवामानाच्या नोंदी ठेवतात. त्याच होग्गारमध्ये, इन इक्कर इथे, फ्रान्सने १९६६ पर्यंत जमिनीखाली अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. पहिला स्फोट १३ फेब्रुवारी १९६० रोजी रग्गानच्या मैदानात उघड्यावर झाला होता. सगळे याच धर्मप्रांताच्या हद्दीत.

वाटेत पश्चिमेला वळून तिमिमून आणि अद्रारकडे गेलो तर एक ओळखीची गोष्ट भेटते. तिथल्या खजुराच्या बागा फुग्गारांवर जगतात. फुग्गारा म्हणजे जमिनीखालून खणलेला, अगदी अलगद उताराचा बोगदा. वर ओळीने झरोके, आत उतरून गाळ काढण्यासाठी. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनाने चालत बागेपर्यंत येते. तोंडाशी दगडाची फणी असते, तिच्या दातांमधल्या फटींतून ज्याच्या त्याच्या हक्काइतके पाणी वेगळे वाहते. आपल्या देगलूरहून बिदर किती लांब? तिथल्या नौबादचा करेज हा फुग्गाराचाच भाऊ, बहमनी काळातला. औरंगाबादची नहर-ए-अंबरी मलिक अंबरने बांधली, आणि तो स्वतः आफ्रिकेतून आलेला हबशी. वाळवंटातली ही विद्या इराण-अरबस्तानातून इकडेही आली आणि तिकडेही गेली. फुग्गारा आता एकेक करून कोरडे पडत आहेत, कारण खोल बोअर. हेही मराठवाड्याला समजावून सांगायला नको.

१९५६ साली हस्सी मसऊदला तेल सापडले आणि वाळवंटाचे मोल एकदम वाढले. ५ जुलै १९६२ रोजी अल्जेरिया स्वतंत्र झाला. दहा लाखांच्या आसपास युरोपीय लोक बहुतेक त्याच वर्षात निघून गेले. चर्चे ओस पडली. काहींच्या मशिदी झाल्या, त्यांतली अल्जीयर्सची कत्शावा तर मूळची मशीदच होती. फ्रेंचांनी ती १८३२ साली बळकावून कॅथेड्रल केले होते. प्रश्न असा होता, की मालक निघून गेल्यावर पाद्र्यांनी काय करायचे?

आर्चबिशप द्युव्हाल यांनी राहायचे ठरवले. स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच फौज कैद्यांचा छळ करत होती तेव्हा त्याविरुद्ध बोलणारे हेच होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी चिडून त्यांना ‘मोहम्मद द्युव्हाल’ असे नाव ठेवले. शिवी म्हणून दिलेले नाव, पण आपल्या कानाला ती शिवी कशी लागणार? १९६५ साली त्यांनी अल्जेरियाचे नागरिकत्व घेतले आणि तिथेच वृद्ध होऊन वारले. सहारातल्या पाद्र्यांनीही हाच रस्ता धरला. शाळा-दवाखाने सरकारकडे गेले, ते त्याच शाळा-दवाखान्यांत नोकर म्हणून राहिले.

मग १९९०च्या दशकातला खूनखराबा आला. १९९४ ते १९९६ या काळात १९ कॅथलिक धर्मगुरू, बंधू आणि भगिनी मारले गेले. त्यांत तिबहिरीनचे सात संन्यासी होते, तिझी उझूचे चार व्हाइट फादर्स होते, आणि ओरानचे बिशप क्लाव्हरी. १ ऑगस्ट १९९६ रोजी बॉम्बच्या स्फोटात क्लाव्हरी गेले तेव्हा त्यांचा तरुण मुसलमान मित्र मोहम्मद बूशीखी, जो त्यांची गाडी चालवायचा, त्यांच्यासोबतच मेला. त्या दशकात मेलेल्यांची संख्या लाखाच्या वर सांगतात, आणि ते जवळजवळ सगळे मुसलमान. अतिरेक्यांच्या मर्जीचा फतवा द्यायला नकार देणारे कितीतरी इमामही त्यात होते. ८ डिसेंबर २०१८ला ओरानमध्ये त्या १९ जणांचा गौरवविधी झाला, मुसलमान देशात असा सोहळा पहिल्यांदाच, आणि तेव्हा या इमामांचेही स्मरण झाले. हे तिथल्या चर्चने आवर्जून केले, याची नोंद आपण घ्यावी.

तिबहिरीनच्या संन्याशांचे प्रमुख क्रिस्तियाँ द शर्जे आणि व्हाइट फादर क्लोद रो यांनी १९७९ साली ‘रिबात अस्सलाम’ नावाची बैठक सुरू केली होती. सलामतीचा बंध. त्यात अलवी तरीकतचे सूफी येऊन बसत, गप्प बसत, जिक्र करत, बोलत. वादविवाद नाही. हेच रो पुढे २००४ ते २०१७ लघुआतचे बिशप होते. त्यांच्यानंतर आले जॉन मॅकविल्यम, ते तर आधी ब्रिटिश फौजेत अधिकारी.

आता आपल्या घरचे सांगतो, कारण ते टाळले तर हा लेख खोटा होईल. अल्जेरियात २००६ सालच्या कायद्याने परधर्मीयांच्या उपासनेला सरकारी परवानगी लागते, आणि मुसलमानाचा धर्म बदलायचा प्रयत्न केला तर दोन ते पाच वर्षे कैद. आमिष, फूस हेच शब्द तिथे, जे आपल्याकडच्या राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांत आहेत. उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट लोकांची अनेक प्रार्थनाघरे गेल्या काही वर्षांत सरकारने बंद केली. कॅथलिकांची सेवासंस्था कारितास तिथे पिढ्यान्‌पिढ्या गरिबांसाठी आणि स्थलांतरितांसाठी काम करत होती, १ ऑक्टोबर २०२२ पासून तीही सरकारच्या सांगण्यावरून बंद झाली. इथे एखादी मदरशाची इमारत, एखादी मजार नोटीस लागून पाडली की आपले काळीज हलते. तिथल्या चर्चला कुलूप लागले तर तेवढेच हलायला हवे. आमचे मत असे स्पष्ट आहे. सूरह अल-हज्जमध्ये जिथे अल्लाहचे नाव घेतले जाते त्या जागांचा उल्लेख येतो, त्यात मशिदींच्या आधी मठ आणि चर्चे आहेत. आणि १८६० साली दमास्कसमध्ये दंगा उसळला तेव्हा हजारो ख्रिस्ती लोकांना आपल्या वाड्यात घेऊन वाचवणारे अमीर अब्दुल कादिर हे याच अल्जेरियाचे. फ्रेंचांशी पंधरा वर्षे लढून हद्दपार झालेला माणूस होता तो. ज्या धर्माच्या राजाने घर हिरावले त्याच धर्माच्या माणसांसाठी तो दारात उभा राहिला. अल्जेरियाच्या सरकारला आठवण करून द्यायला बाहेरचा कुणी लागू नये.

सहारातल्या या मूठभर लोकांचे आजचे दिवस कसे जातात? वार्गला, तुग्गुर्त, अद्रार, बनी अब्बास, तमनरासेत अशा जागी दोन-तीन जणांची छोटी घरे. कुठे मुलांना भाषा शिकवणे, कुठे बायकांचे विणकाम-भरतकाम, कुठे तुरुंगात आफ्रिकन कैद्यांना भेटणे. तमनरासेतला दक्षिणेकडून आलेले स्थलांतरित, ट्रकमधून उतरवून टाकलेले, आजारी. बाळंतपण आले तर बायका कुणाचे दार वाजवणार? शेजारच्या मुसलमान बायका आणि या धर्मभगिनी, दोघी मिळून धावतात. शेजारी निकाहाला बोलावतात, मय्यतीला पाद्री जाऊन बसतात, रमजानमध्ये इफ्तारची ताटली भिंतीवरून येते.

आणि एक गंमत. अल्जेरियात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी विद्यार्थी वर्गात, कामगार कामावर. म्हणून तिथल्या अनेक चर्चमध्ये मोठी मिस्सा रविवारी न होता शुक्रवारी होते. देगलूरच्या बाजारात जुम्याच्या दिवशी दुकान अर्ध्यावर सोडून नमाजेला पळणाऱ्याला हे वाचून हसू येईल. तिथे जुम्याला दोघांनाही सुट्टी असते. सकाळी त्यांची प्रार्थना आटोपते, मग मशिदीकडे गर्दी सुरू होते, आणि दोन्हीकडून परतलेले लोक दुपारी कुसकुस खायला आपापल्या घरी, कधी एकमेकांच्या घरी, बसतात.